पट्टेवाला आणि त्याचा भाऊ

शेल्टरमध्ये प्रत्येक पिंजऱ्याच्या दारावर रंगीत चिकटपट्टी असायची. हिरवी म्हणजे कोणीही जवळ जावं, पिवळी म्हणजे जरा जपून, आणि लाल म्हणजे चावतो. भूकंपाला वर्ष होत आलं होतं. अणुभट्टीच्या अपघातामुळे फुकुशिमातली कित्येक गावं तेव्हा घाईघाईने रिकामी झाली, आणि दोन-चार दिवसांत परत येऊ अशा समजुतीने लोकांनी कुत्री मागे ठेवली; काही साखळीला, काही मोकळी. पुढे स्वयंसेवकांनी ती पकडून आणली, धुतली, तपासली आणि टोकियोच्या आसपास मिळेल त्या जागेत ठेवली. आमचं शेल्टर म्हणजे कावासाकीच्या कडेचं एक बंद पडलेलं गोदाम होतं. त्या हिवाळ्यात मी दर रविवारी तिथे पिंजरे धुवायला जात असे.

मार्चअखेर ते गोदाम मालकाला परत द्यायचं होतं. हिरव्या पट्ट्यांची कुत्री भराभर नव्या घरी गेली, पिवळी हळूहळू गेली आणि लाल पट्टीवाला एकच शिल्लक राहिला. मध्यम उंचीचा, ताठ कानांचा, काळ्या अंगावर तपकिरी पट्टे असलेला. डोंगरात रानडुकरांच्या शिकारीला नेतात त्या जातीचं रक्त त्याच्यात असावं, असं तिथले डॉक्टर म्हणायचे. त्यांच्या अंगठ्यावर त्याच्या दातांची खूण होती. शेल्टर चालवणाऱ्या बाईंच्या मनगटावरही होती. मला तो चावला नव्हता, कारण मी त्याला कधी हातच लावला नव्हता. मी प्रयोगशाळेत उंदरांवर काम करते. प्राणी आपणहून जवळ येईपर्यंत गप्प थांबायची मला सवय आहे.

एका रविवारी बाईंनी विचारलं, तुमच्याकडे अंगण आहे ना? मी हो म्हणाले. त्यांनी पुढचं काही विचारायच्या आत मी त्याला घरी न्यायला तयारही झाले होते. त्या दिवशी घरी जाताना मी जवळजवळ धावतच स्टेशन गाठलं.

आम्ही आधी टोकियोतल्या हिगाशी-कसाईत राहायचो. तिथल्या आमच्या बिल्डिंगमध्ये पाळीव प्राण्यांना बंदी होती. आदल्याच शरद ऋतूत आम्ही कावासाकीत चढावरच्या एका जुन्या, लहानशा घरात आलो होतो, ते मुख्यतः कुत्रा हवा या मुलीच्या हट्टापायी. ती तेव्हा तिसरीत होती. आम्ही मराठीत बोलायचो, ती जपानीत उत्तर द्यायची. नवऱ्याची नोकरी टोकियोत. त्याने माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, की हा सकाळच्या ट्रेनच्या आधी चावणार की नंतर. मग आम्ही नियम ठरवले. मुलीने त्याच्याजवळ एकटीने जायचं नाही. तो जेवत असताना कोणीच जायचं नाही. शेल्टरच्या बाई दर आठवड्याला येऊन बघणार, आणि जमलं नाही तर परत नेणार.

याच सुमाराला बाबा पुण्याहून तीन महिन्यांसाठी आले. आई गेल्यानंतरचा हा त्यांचा पहिला मोठा प्रवास. दारात पाऊल ठेवलं तर समोर अंगणात हा बसलेला, नजर थेट त्यांच्यावर. बाबांनी बॅग खाली ठेवली आणि म्हणाले, "हा तर पट्टेवाला दिसतोय. साहेबांना भेटायचं असेल तर याला विचारूनच आत जावं लागेल." तेव्हापासून घरात त्याला पट्टेवालाच म्हणू लागलो. अंगावर पट्टे होतेच, आणि सरकारी ऑफिसातल्या पट्टेवाल्यासारखा तो दाराशी ठाण मांडून बसायचाही.

बाबांचं कुत्र्यांविषयीचं मत पक्कं होतं. ते टेलिफोन खात्यात होते. तरुणपणी एका प्राध्यापकांच्या बंगल्यावर लाइन दुरुस्त करायला गेले असताना तिथल्या अल्सेशियनने त्यांची पोटरी फोडली होती. पोटात इंजेक्शनं घ्यावी लागली. ते प्राध्यापक म्हणे इतके सौम्य, की मोलकरणीलाही अहोजाहो करायचे. घरात कधी आवाज चढलेला कोणी ऐकला नव्हता. मग कुत्र्याला ते शिकवलं कोणी? बाबांचा निष्कर्ष सरळ होता: रक्तात असतं ते. मी अगदी उलट बाजूची. आमच्या लॅबमध्ये उंदीर एकाच वंशाचे, एकमेकांचे जुळे भाऊ म्हणावेत इतके सारखे. तरी एका सहकाऱ्याच्या हाताला ते हटकून चावायचे आणि माझ्या हातावर निवांत बसायचे. तो त्यांना शेपटीला धरून झटकन उचलायचा, एवढाच फरक. मी बाबांना म्हणायचे, कुत्रा चावला की आधी माणसाकडे बघा. बाबा म्हणायचे, मी माझ्या पोटरीकडे बघतो. रोज रात्री जेवताना हा वाद रंगायचा. आई गेल्यापासून बाबा फोनवर दोन वाक्यांच्या पुढे जात नसत. ते वाद घालताहेत याचाच मला इतका आनंद व्हायचा, की कधीकधी मी मुद्दाम विषय काढत असे.

पहिल्या आठवड्यात पट्टेवाला नवऱ्याच्या जॅकेटची बाही फाडून मोकळा झाला. पोस्टमनवर गेला. शेजारच्या काकू कचरा टाकायला निघाल्या होत्या, त्यांच्यावर तर साखळी तुटेल इतक्या जोराने झेपावला. मी त्यांच्या घरी जाऊन वाकून वाकून माफी मागितली. गंमत म्हणजे बाबांवर तो कधीच गुरगुरला नाही. दुपारी घरी ते एकटेच असायचे, त्यामुळे दुपारचं खाणं ते द्यायचे. वाडगा ठेवायचा, ताबडतोब पाठ फिरवायची आणि ओसरीच्या पायरीवर पेपर उघडून बसायचं. मी विचारलं, तुम्ही त्याच्याकडे बघतसुद्धा नाही? ते म्हणाले, मला तो नको आहे आणि त्याला मी नको आहे, आमचं छान चाललंय.

मग एका संध्याकाळी जे झालं, त्याने मी हरखूनच गेले. एप्रिलची सुरुवात होती. जपानमध्ये त्या दिवसांत झाडांच्या परागांमुळे निम्म्या लोकांना शिंका आणि सर्दी असते, आणि ते सगळे मास्क लावून फिरतात. मलाही त्या वर्षी त्रास सुरू झाला होता. मी लॅबमधून आले, फाटक उघडलं, आणि पट्टेवाला माझ्यावर धावून आला. माझ्यावर! रोज सकाळी मी त्याला नदीकाठी फिरवून आणत होते. साखळी पुरली नाही म्हणून वाचले. शिंक आली म्हणून मी मास्क खाली ओढला, आणि तो जागच्या जागी थांबला. मानेवरचे केस खाली बसले. नाक पुढे करून त्याने हवा हुंगली आणि शेपटी हलकेच हलवली.

मी बूट न काढताच घरात शिरले. बाबांना म्हटलं, "मास्क! बाबा, त्याला मास्क चालत नाही." आणि मग सगळं एका दमात त्यांना समजावून सांगायला लागले. शेजारच्या काकू मास्क लावतात. पोस्टमन मास्क लावतो. जॅकेट फाटलं त्या दिवशी नवऱ्याने मास्क लावला होता. शेल्टरमध्ये औषधाच्या फवाऱ्यामुळे सगळेच मास्क लावायचे. मीच तेवढी लावायची नाही, कारण माझा चष्मा धुरकट व्हायचा. आणि त्या रिकाम्या गावात त्याला फासे टाकून पकडायला जी माणसं गेली असतील, ती डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कपड्यात आणि तोंडावर मास्क लावूनच गेली असणार. मला त्या रात्री पटकन झोप लागली नाही. इतका सरळ धागा हाती लागायचं भाग्य लॅबमध्ये वर्षानुवर्षं मिळत नाही.

आम्ही लगेच कामाला लागलो. मुलीने मास्क आणून अंगणात जिकडेतिकडे टांगले, कपडे वाळत घालायच्या काठीला, तुळशीच्या कुंडीला, त्याच्या वाडग्यामागच्या भिंतीला. आधी दुरून, मग जवळून. नवरा सुट्टीच्या दिवशी काचेच्या दारामागे मास्क लावून उभा राहायचा आणि दार फटीएवढं उघडून उकडलेल्या कोंबडीचा तुकडा बाहेर टाकायचा. नंतर अंगणात यायचा. नंतर पायरीवर बसायचा. रोज काहीतरी नवं घडायचं आणि रात्री जेवताना त्याची चर्चा व्हायची. एप्रिल संपता संपता शेजारच्या काकू मास्क लावून फाटकाबाहेरून गेल्या आणि पट्टेवाल्याने नुसती मान वर केली. काकूंनीच मला हात करून सांगितलं, की आज बोलला नाही.

पण दोन गोष्टी बदलल्या नाहीत. खाताना कोणी जवळ आलं, की तो घशातून खोल आवाज काढायचा, आणि गळ्याच्या पट्ट्याकडे वरून हात गेला, की दात दाखवायचा. याचा मास्कशी संबंध नव्हता. माझ्या मनात चित्र तयार झालं: याचा मूळ मालक. पट्ट्याला धरून फरफटवणारा, भरला वाडगा ओढून घेणारा कोणीतरी. त्या न पाहिलेल्या माणसाचा मला मनापासून राग यायचा. बाबा म्हणाले, अगं, तू त्या माणसाला पाहिलेलंही नाहीस. मी म्हटलं, कुत्र्याला पाहिलंय ना.

आणि तेवढ्यात शेल्टरच्या बाईंचा फोन आला. निर्वासितांसाठी बांधलेल्या तात्पुरत्या वस्त्यांमध्ये त्या कुत्र्यांचे फोटो लावत असत. फुकुशिमातल्याच इवाकीजवळच्या एका वस्तीत एका आजींनी पट्टेवाल्याला ओळखलं होतं. त्यांना तो ठेवता येणार नव्हता, जागा अगदीच लहान होती. पण बघायचं होतं.

मे महिन्याच्या सुट्ट्यांत आम्ही गाडी भाड्याने घेऊन निघालो. नवरा चालवत होता, बाबा पुढे, मागे मी, मुलगी आणि डिकीतल्या पिंजऱ्यात पट्टेवाला. वाटभर मी मनात प्रश्न जुळवत होते, कडक पण सभ्य जपानीत. वस्ती एका खेळाच्या मैदानावर होती. एकसारख्या राखाडी खोल्यांच्या रांगा, दारापुढे प्लॅस्टिकच्या कुंड्यांत लावलेले टोमॅटो आणि कांद्याची पात. सभागृहापाशी एक लहान चणीच्या आजी उभ्या होत्या. डोक्याला रुमाल, पायात रबरी बूट. मी पट्टेवाल्याला उतरवलं आणि दोरी दोन्ही हातांनी घट्ट धरली.

आजींनी हाक मारली नाही. जिभेने टाळूवर दोनदा आवाज केला, आपण गाईला चुचकारतो तसा. पट्टेवाला थिजला. मग त्याच्या घशातून असा आवाज निघाला, जो आम्ही कधीच ऐकला नव्हता, रडणं आणि हसणं एकत्र असावं तसा. दोरी माझ्या हातातून कधी सुटली कळलंच नाही. तो आजींभोवती गोल गोल धावला, पुन्हा धावला, वाळूत लोळला, उठला. त्या अजिबात हलल्या नाहीत. हात खाली, तळवे मागे वळवलेले. शेवटी त्याने आपलं डोकं त्यांच्या दोन गुडघ्यांच्या मध्ये खुपसलं आणि तिथेच धापा टाकत उभा राहिला. त्यानंतर त्यांनी खालून, हनुवटीच्या बाजूने, बोटं वर नेली. माझी मुलगी रडत होती. माझ्या डोक्यातले कडक प्रश्न कुठल्या कुठे गेले होते.

आजींची बोली मला निम्मीच कळायची. मुलीला बरीच कळत होती. मग सभागृहात चहा घेताना ती मध्ये बसली. आजींचं ऐकून ती माझ्याशी टोकियोच्या जपानीत बोलायची आणि बाबांशी, अडखळत का होईना, मराठीत. तिला सलग इतकं मराठी बोलताना मी पहिल्यांदाच ऐकत होते.

मी विचारलं, हा आधीही चावायचा का?

आजी हसल्या. म्हणाल्या, पिल्लू होता तेव्हापासून. त्यांच्या यजमानांच्या बोटाला चावला, दिराला चावला, पोस्टमन तर फाटकातूनच पत्र फेकायचा. कोणी कधी याच्यावर हात उगारला नव्हता. डोंगरातल्या चुलतभावाकडून आणला त्या दिवशीही वाडग्यावर कोणाला येऊ देत नव्हता. मग त्या शिकल्या: खाताना पाठ फिरवायची, वरून हात न्यायचा नाही, जवळ जायच्या आधी आवाज द्यायचा. एवढं पाळलं, की याच्यासारखा कुत्रा नाही.

मुलीने हे मराठीत सांगितलं तेव्हा बाबांनी चहाचा कप सावकाश खाली ठेवला. मला वाटलं, आता म्हणणार, बघ. पण ते म्हणाले, "मी पाठ फिरवायचो ते भीतीने. या जाणून फिरवतात." आणि त्यांनी मुलीला ते आजींना सांगायला लावलं. आजी खूप हसल्या. त्या म्हणाल्या, मीसुद्धा पहिल्यांदा भीतीनेच फिरवली होती.

मग त्यांनी भावाची गोष्ट सांगितली, आणि मी खुर्चीच्या टोकावर आले.

पट्टेवाल्याबरोबर त्याच वेताचं दुसरं पिल्लू त्याच दिवशी आणलं होतं. ते समोरच्या घरातल्या शेजाऱ्यांनी ठेवलं. तोच रंग, तेच पट्टे, फक्त एक कान थोडा वाकडा. स्वभावाने मात्र हा तिखट तर तो गोड. थंडीत कोंबड्या त्याच्या पोटाला टेकून झोपायच्या. गावातली पोरं त्याच्या तोंडातून ब्रेडचा तुकडा काढून घ्यायची आणि तो बघत राहायचा. गाव सोडायची वेळ आली तेव्हा आजींनी पट्टेवाल्याला मोकळा सोडला, कारण तेव्हा तो साखळीला राहायचाच नाही. शेजाऱ्यांनी त्यांच्या कुत्र्याला बांधून, पुढे भात आणि पाण्याची बादली ठेवली, कारण तो गुणी होता, बसून राहिला असता.

"तो बसून राहिला," आजी म्हणाल्या. "खूप दिवस."

तो सापडला तेव्हा हाडांचा सापळा झाला होता. आता शेजारच्या इबाराकी प्रांतातल्या एका शेल्टरमध्ये होता आणि कोणालाही जवळ येऊ देत नव्हता. शेजारी म्हातारे, होक्काइदोला मुलीकडे राहायला गेलेले. मुद्दाम भेटायला आले, तर तो त्यांच्याही अंगावर गेला. ते फाटकाशी बसून रडले आणि परत गेले.

परतीच्या वाटेवर गाडीत कोणी झोपलं नाही. मी सारखी बोलत होते. एक आई, एक वेत, एकच गल्ली. रागीट होता तो रागीटच राहिला, पण समजून घेतलं तर माणसांत राहू शकला. शांत होता तो बांधून उपाशी राहिला आणि बिथरला. मग कोणाचं खरं? बाबांचं की माझं? बाबा खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "त्या बंगल्यातला अल्सेशियन दिवसभर साखळीला असायचा. मला इतक्या वर्षांत हे आठवलंच नव्हतं."

आजींनी निघताना एक विनंती केली होती. त्यांना त्या भावाला भेटायचं होतं, आणि पट्टेवाल्याला बरोबर घेऊन. बाबांची परतीची तारीख जवळ आली होती, पण ते म्हणाले, हे बघितल्याशिवाय मी विमानात बसणार नाही. मेअखेरच्या एका शनिवारी आजी ट्रेनने इबाराकीपर्यंत आल्या आणि आम्ही त्यांना स्टेशनवरून घेतलं.

शेल्टरच्या मागे जाळीचं कुंपण घातलेलं मोठं पटांगण होतं. तिथले प्रमुख म्हणजे कातडी हातमोजे घातलेले एक धिप्पाड गृहस्थ. त्यांनी आधीच सांगून टाकलं, की दोघे भिडले तर ते पाण्याचा पाइप सोडतील, आणि पुढचं आमचं आम्ही बघायचं. आत तो होता. वाकडा कान, तेच पट्टे. आम्हाला बघताच कुंपणावर झेपावू लागला, जाळी दणदणत होती, तोंडाला फेस. मुलीने बाबांचा हात पकडला. मला वाटलं, चुकलं, परत जाऊ या.

आजी म्हणाल्या, आधी बाहेरूनच फिरवा.

मी पट्टेवाल्याला घेऊन कुंपणाच्या कडेने चालू लागले. आतून भाऊ भुंकत बरोबर येत होता. पट्टेवाला भुंकला नाही. कोपऱ्यापर्यंत गेलो, वळलो, पुन्हा आलो. तिसऱ्या की चौथ्या खेपेला आतलं भुंकणं तुटक झालं. मग थांबलं. दोघांची नाकं जाळीला लागली. भाऊ पुढच्या पायांवर खाली वाकला, मागचा भाग वर, आणि एकदम वळून पळत सुटला. पट्टेवाल्याने मला अक्षरशः ओढत नेलं. मी ओरडले असेन, मला आठवत नाही.

फाटक उघडलं. पहिला क्षण फार वाईट होता. दोघांचे केस ताठ, ओठ मागे, भावाने खांद्याला दात लावले, पट्टेवाल्याने उलटून लावले, प्रमुखांनी पाइप उचलला. आजींनी हात वर करून त्यांना थांबवलं. आणि मग ते धावायला लागले. संपूर्ण पटांगणभर, धूळ उडवत, एकमेकांच्या अंगावर आपटत, वळणावर घसरत, पुन्हा उठत. त्यात राग नव्हता, हे कोणालाही सांगावं लागत नव्हतं. नवरा फोटो काढायचं विसरला. बाबा कुंपणाला दोन्ही हातांनी धरून मोठ्याने हसत होते. प्रमुखांनी हातमोजे काढून खिशात घातले.

ते दमले तेव्हा आजी आत गेल्या. एक रिकामी बादली उलटी घातली आणि कुत्र्यांकडे पाठ करून तिच्यावर बसल्या. जिभेने तो आवाज केला. पट्टेवाला लगेच गेला. भाऊ दूर उभा राहिला, मग अर्धा रस्ता आला, थांबला, गुरगुरला. आजी मागे वळल्या नाहीत. समोरच्या टेकडीशी बोलावं तशा काहीतरी बोलत राहिल्या. मुलगी कुजबुजली, की त्या गावातल्या कोंबड्यांविषयी बोलताहेत. बऱ्याच वेळाने त्याने त्यांच्या पाठीचा वास घेतला. मग मानेचा. मग आपला सगळा भार त्यांच्या पाठीवर टाकून तो तिथेच बसला. आजींनी पदराने पुसावेत तसे रुमालाने डोळे पुसले, पण पाठ तशीच ठेवली.

बाबा पुण्याला गेले. त्यानंतर फोनवर आमचा वाद चालूच राहिला, फक्त बाजू बदलल्या होत्या. ते मालकांना दोष देत मला झाडायचे आणि मी म्हणायचे, अहो, पण दोघांचं मूळ वेगळं होतंच ना.

शरद ऋतूत आजींच्या मुलाने इवाकीच्या बाहेर अंगण असलेलं घर घेतलं. त्यांचा फोन आला की या रविवारी येते. आम्हाला वाटलं, पट्टेवाल्याला न्यायला येताहेत. मुलीला आम्ही आधीपासून सांगत आलो होतो, की हा आपल्याकडे पाहुणा आहे. तिने त्याचा वाडगा धुऊन पिशवीत भरला.

आजी आल्या, पायरीवर बसल्या, पट्टेवाल्याने त्यांच्याभोवती धावून घेतलं. मग त्या मुलीला जवळ बसवून सावकाश बोलल्या, तिला नीट कळावं म्हणून. "याला तुम्ही कळलात. हा जेवतो, झोपतो, फिरतो. त्याच्या भावाला अजून कोणीच नाही. मी त्याला नेते. हा इथे राहिला तर चालेल का?"

मुलगी उठली आणि तिने पिशवीतून वाडगा काढून परत भिंतीपाशी ठेवला. आजी निघाल्या तेव्हा पट्टेवाला फाटकाशी उभा राहून त्या उतारावरून दिसेनाशा होईपर्यंत बघत होता. पुढे दोन-तीन दिवस तो तिथेच बसायचा. आत बोलावलं तर यायचा, पण पुन्हा तिकडे जायचा. आम्ही त्याला बसू दिलं.

जानेवारीत आम्ही त्यांच्या नव्या घरी गेलो. पट्टेवाला आधी आत पळाला. पाठोपाठ भाऊ फाटकाशी आला आणि आमच्यावर भुंकू लागला, पण साखळी नव्हती आणि दात दिसत नव्हते. नव्या घरात त्याला एकदाही बांधलेलं नाही, असं आजी म्हणाल्या. खाताना मात्र आता त्याच्याही जवळ जायचं नाही. पूर्वी पोरांना तोंडातलं काढून घेऊ देणारा तो, आता तेवढं त्याला नको असतं. मोठा आवाज झाला तर तो अजून पलंगाखाली जातो. बाकी नातवंडं अंगणात खेळतात आणि तो त्यांच्यात हिंडतो.

मी फाटकातून आत गेले आणि त्याच्याकडे पाठ करून उभी राहिले. भुंकणं थांबलं. गवतावर पावलं वाजली. मग माझ्या गुडघ्यामागे एक गरम, जड डोकं टेकलं. तो स्वतःहून बाजूला होईपर्यंत मी तशीच उभी राहिले.